चित्र थांबणार नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

आज दुकानावर नवी पाटी चढली. 'चित्र थांबणार नाही. हमी व खात्री.' खरं तर नुसतं 'हमी' लिहायचं ठरलं होतं. पण पेंटर म्हणाला की 'खात्री' हा शब्द त्याला फार सुरेख काढता येतो, 'त्री'ला तो एक खास वळण देतो. इतक्या उमेदीने म्हणाला की मला नको म्हणवेना. त्यामुळे पाटी जरा लांबली आणि शेजारच्या चप्पल भांडाराचा 'च' तिच्यामागे गेला. आता तिथे 'प्पल भांडार' आहे. त्या चप्पलवाल्याशी उद्या बोलतो.

केबलचा धंदा संपल्यातच जमा होता. म्हणून हे नवं. सिनेमे, मालिका, सामने, सगळं इंटरनेटवरून घरोघरी, आणि मध्येच ते गोल गोल फिरणारं चक्र अजिबात नाही. त्यासाठी शहरातून एक इंजिनिअरबाई आणल्या आहेत. वय माझ्या निम्मं, आवाज माझ्या दुप्पट. पाटी पाहून त्या म्हणाल्या, "सर, हमी हा शब्द कुणाचा?"

"माझा."

"ती पाळणार कोण?"

"आपण."

"आपण म्हणजे मी," असं म्हणून त्या आत गेल्या. बाई हुशार आहेत, पण उत्साह कमी.

समोरचा डिशवाला, जो गच्चीवरच्या डिश अँटेना विकतो आणि आमचं वाईट चिंततो, रस्त्यात उभा राहून पाटी मोठ्याने वाचत होता. "चित्र थांबणार नाही... म्हणजे सुरूच होणार नाही का हो?" प्पलवाला हसला. मीही हसलो. उगाच वाईटपणा कशाला.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. कधी कधी त्यांच्याकडे अवघड केस येते आणि बाईला शहरापर्यंत न्यायला वेळ नसतो. अशा वेळी शहरातले मोठे डॉक्टर व्हिडिओवरून टेबलावरचं बघतात आणि यांना सांगत जातात. "मागच्या खेपेला ऐन वेळी चित्र थांबलं," त्या म्हणाल्या. "सरांचं तोंड उघडं, हात वर, आणि तसेच पुतळ्यासारखे. मी काय त्यांच्या फोटोला विचारू पुढे काय करायचं ते?"

मी पाटीकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "पाटी वाचूनच आलेय. खरी आहे का, ते विचारतेय."

मी म्हणालो, "शंभर टक्के." इंजिनिअरबाई खोकल्या.

त्या गेल्यावर इंजिनिअरबाईंनी मला समोर बसवून समजावलं. शहरातून गावात येणारी आपली तार एकच. जाड आहे, पण एकच. तिच्यावर त्यांनी दोन रांगा केल्या आहेत. मागची रांग सगळ्यांसाठी. समजा सगळं गाव एकच सामना बघतंय, तरी शहरातून आपण त्याची एकच प्रत आणायची आणि ती इथून घरोघर वाटायची. गर्दी वाढली तर चित्र थोडं धूसर होतं, पण चालत राहतं. पुढची रांग वेगळी. तिच्यात जो असेल त्याला शहरापासून थेट, त्याची स्वतःची प्रत. ती धूसर होत नाही, अडत नाही, बाकीच्यांना बाजूला सारून येते.

"आणि ही रांग फक्त दवाखान्यासाठी," त्या म्हणाल्या.

"अर्थात," मी म्हणालो.

मग त्यांनी दवाखान्याचं नाव पुढे कसं न्यायचं ते मला पडद्यावर दाखवलं. नावावर एक टिचकी मारली की झालं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

सासरे आमच्याकडेच राहतात. आयुष्यभर फुटबॉलचे पंच होते. गुडघे गेले, शिट्टी राहिली. ती अजून गळ्यात असते. आज सामना बघताना चित्र जरा धूसर झालं, कारण शनिवार, अर्धं गाव टीव्हीपुढे. सासरे म्हणाले, "जावईबापू, हा चेंडू आहे की माशी?"

मी म्हणालो, "गर्दी आहे. सगळ्यांना तसंच दिसतंय."

"घरचं दुकान आणि घरातच धुकं," एवढंच बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. मला बघवेना. दुकानात जाऊन एक टिचकी मारून आलो. परत आलो तर चेंडूची शिवणसुद्धा मोजता येत होती. सासऱ्यांनी आनंदाने शिट्टी फुंकली.

बायको म्हणाली, "इंजिनिअरबाईंना विचारलंत?"

एका घराने काय होतंय?

९ फेब्रुवारी, सोमवार

सलूनमध्ये दाढीला गेलो होतो. सलूनवाला म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांकडे एकदम झकास दिसतं म्हणे. आमच्या गिऱ्हाइकांनी काय पाप केलंय?" वस्तरा तेव्हा माझ्या गळ्यावर होता. अशा वेळी माणूस नाही कसं म्हणणार?

तिथेच व्हायोलिनच्या बाई मुलाचे केस कापायला आल्या होत्या. त्या व्हिडिओवरून परगावच्या मुलांना शिकवतात. त्यांचा गज खाली जातो तेव्हा मुलांचा वर असतो म्हणे. सांगताना त्यांनी हवेत गज ओढून दाखवला. कलेसाठी एवढं करायलाच हवं.

नगराध्यक्षांचं मीच केलं, त्यांनी मागायच्या आधी. ते मागून घेतात तेव्हा फार वेळ बोलतात.

पोहण्याच्या क्लबचंही केलं. मी तिथला खजिनदार आहे. मला पोहता येत नाही, पण त्यांनी फारच आग्रह केला होता.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दिवसभरात एकालाही नाराज केलं नाही. झोप छान लागणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चक्र फिरायला लागलं! आणि तेही मागच्या रांगेत नाही, पुढच्या. सलूनवाल्याचा फोन, नगराध्यक्षांच्या मंडळींचा फोन, सासऱ्यांची शिट्टी (शिट्टी दुकानापर्यंत ऐकू येते). मागच्या रांगेतल्यांचं तर बघायलाच नको. प्पलवाला म्हणतो, त्याच्या टीव्हीवरची मालिकेतली सून कालपासून जिना उतरतेच आहे.

इंजिनिअरबाई दोन दिवस शहरात नवीन यंत्रं बघायला गेल्या आहेत. मी स्वतः विचार केला. सगळं आधी नीट चालत होतं आणि आता चालत नाही, म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंय. आमची तार डिशवाल्याच्या गच्चीवरून जाते. आणि डिशवाला हल्ली गच्चीवर सारखा दिसतो.

त्याला रंगेहाथ पकडायला मी बाहेरच्या लोखंडी शिडीवरून वर चढलो. तो तिथे चादरी वाळत घालत होता. तोंडात चिमटे. माझी तार भिंतीला धरून अगदी गुण्यागोविंदाने गेलेली. मी म्हणालो, "सहजच आलो."

तो चिमटा काढून म्हणाला, "शिडीवरून?"

मग उतरायचा प्रश्न आला. चढताना माणसाचं तोंड वर असतं, उतरताना खाली बघावं लागतं, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. शेवटी तो खाली जाऊन शिडी धरून उभा राहिला आणि "डावा पाय... दुसरा डावा" असं सांगत राहिला. उतरल्यावर मी आभार मानले. संशय मात्र गेलेला नाही. इतकी मदत कोण कशाला करेल?

१५ फेब्रुवारी, रविवार

इंजिनिअरबाई परत आल्या. दवाखान्याची लाइन तपासून बघितली, तर शहरातले मोठे डॉक्टर तोंड उघडं टाकून तसेच. बाईंनी पडदा उघडला, पुढची रांग बघितली, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचा आवाज नसला की जास्त भीती वाटते.

"सर, हे एवढे सगळे इथे कसे आले?"

"एकेक करत आले."

"पोहण्याचा तलाव?"

"क्लब. त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे."

"तुम्ही स्वतःच्या घराला दोनदा घातलंय."

ते मला माहीत नव्हतं. बहुतेक सासऱ्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली तेव्हा.

मग त्यांचा आवाज आला. "रस्ता एकच आहे सर! रुग्णवाहिकेला वाट द्यायची तर बाकीच्या गाड्यांनी कडेला व्हायचं असतं. तुम्ही गावातल्या प्रत्येक गाडीला सायरन वाटलाय. आता सगळे सायरन वाजवतायत आणि रुग्णवाहिका त्यांच्यामध्ये उभी आहे. वर प्रत्येकाची वेगळी प्रत शहरातून येतेय. जे चित्र एकदा आणून गावभर वाटता आलं असतं ते आपण डझनावारी ओढतोय!"

मी म्हणालो, "तार आणखी जाड करता येणार नाही का?"

"करता येईल. मग तुम्ही आणखी सायरन वाटाल."

बाईंनी स्वतः सगळी नावं काढायची तयारी दाखवली. पण लोकांना न सांगता असं मागे ढकलणं मला बरं वाटेना. मी म्हणालो, उद्या मी स्वतः प्रत्येकाकडे जातो आणि तोंडावर नाही सांगून येतो. त्यांनी माझ्याकडे बायको बघते तसं बघितलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सलूनमध्ये गेलो. म्हटलं, आज दाढी नको, नुसतं बोलायचंय. तो म्हणाला, बोला, पण उभ्याने कशाला? बसलो. त्याने सवयीने गळ्याभोवती कापड बांधलं. इथेच गाडी रुळावरून घसरली.

व्हायोलिनच्या बाईंकडे गेलो, तर मुलं पडद्यावर होती आणि पहिल्यांदाच सगळ्यांचे गज एकत्र खाली आले. बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी टाळ्या वाजवून परतलो.

नगराध्यक्ष म्हणाले, "बरं झालं आलात. रविवारी अंतिम सामना. आमच्या दिवाणखान्यात पाहुणे आहेत, ते वरचे साहेबही येतायत. शेजारच्या सभागृहातही एक पडदा लावलाय. त्यालाही पुढे घ्या."

संध्याकाळी दुकानात आलो तेव्हा इंजिनिअरबाईंनी विचारलं, "किती कमी झाले?"

मी म्हणालो, "एक वाढला."

१८ फेब्रुवारी, बुधवार

इंजिनिअरबाई नोकरी सोडायच्या गोष्टी करत होत्या. बायकोने त्यांना घरी जेवायला बोलावलं. मला वाटलं, समजूत घालायला. तर जेवण झाल्यावर दोघींनी मला टेबलाच्या टोकाला बसवलं आणि 'नाही' म्हणायची तालीम सुरू केली. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांना "नाही, वाकायचं नाही," म्हणत असते. तिला हे सोपं आहे.

बायको सलूनवाला झाली. "काय मालक, आमचं काम करा की."

मी म्हणालो, "बघतो."

सासऱ्यांनी शिट्टी फुंकली. "फाउल. 'बघतो' म्हणजे हो."

"जरा अडचण आहे..."

शिट्टी. "अडचण सांगितली की समोरचा ती सोडवायला बसतो."

"सध्या तरी..."

शिट्टी. इंजिनिअरबाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. सासरे म्हणाले, "जावईबापू, मैदानात बावीस जण आणि बाहेर दहा हजार. पंचाने सगळ्यांची मर्जी सांभाळायची म्हटली तर चेंडू मध्यावरच ठेवून घरी जावं लागेल. नाही म्हणायचं आणि चालू लागायचं. उभं राहायचं नाही. उभा राहिला की संपला."

मी म्हणालो, "मग आधी तुमच्यापासूनच सुरू करतो. आपल्या घराचं नाव पुढच्या रांगेतून काढतो."

ते म्हणाले, "रविवारनंतर काढा."

बायकोने त्यांच्या गळ्यातली शिट्टी घेऊन फुंकली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तडजोड झाली. इंजिनिअरबाईंनी पडद्यावर एक लाल बटण तयार केलंय. ते दाबलं की दवाखाना सोडून पुढच्या रांगेतले सगळे एका दमात मागे. फक्त एक अडचण आहे. इतक्या जणांना एकदम हलवलं की सगळ्या गावाचं चित्र काही मिनिटं पूर्ण बंद पडणार, मग पुन्हा जुळणार. म्हणून बाईंना ते आजच दाबायचं होतं. मी म्हणालो, रविवार जाऊ दे, लोक इतके आशेने बसलेत. दवाखान्याचा रोज थोडाच फोन येतो? आणि आलाच तर बटण आहेच.

"दाबणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी नुसतं बटण आणखी मोठं केलं.

२२ फेब्रुवारी, रविवार संध्याकाळ

आज अक्षर नीट येणार नाही.

अंतिम सामना. गावात चिटपाखरू नव्हतं. दुकानात मी आणि इंजिनिअरबाई. दुकानातला टीव्हीही लावला होता. बरोबरी, शेवटची काही मिनिटं, आणि आमच्या संघाला पेनल्टी मिळाली. खेळाडू चेंडू ठेवून चार पावलं मागे गेला. तेवढ्यात फोन.

डॉक्टरीणबाई होत्या. आवाज शांत होता, म्हणजे ओढून ताणून शांत. "सर दिसत नाहीत मला. चित्र थांबलंय. आवाज तुटतोय. आत्ता हवेत ते मला."

दुसरा फोन वाजला. नगराध्यक्ष. "अहो, आमच्याकडे चक्र फिरतंय! साहेब बसलेत इथे! काहीतरी करा!"

एका कानाला एक, दुसऱ्या कानाला दुसरा. टीव्हीवर तो खेळाडू धावायच्या बेतात. खरं लिहितो, माझ्या मनात आलं की पेनल्टी होऊन जाऊ दे. दोन श्वासांचा प्रश्न. मी तोंडाने म्हणालोसुद्धा, "एवढी पेनल्टी..."

मला वाटलं इंजिनिअरबाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या हातातला नगराध्यक्षांचा फोन त्यांनी काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. उरला एकच. त्यातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो की नाही, एवढंच सांगा. नाही असेल तर मी दुसरं काही बघते."

मी हो म्हणालो आणि बटण दाबलं.

टीव्ही काळा झाला. आधी गावात एकदम शांतता. मग एक आवाज उठला. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. घराघरातून, सलूनमधून, सभागृहातून, सगळीकडून एकाच वेळी "अरे!" व्हायोलिनच्या बाईंच्या मुलांनाही इतकं एकत्र जमलं नसतं. आणि फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिसले. दिसले सर. ठेवते."

मग सगळे फोन वाजायला लागले. इंजिनिअरबाई उचलायला निघाल्या. मी म्हणालो, थांबा, मी घेतो. पहिला फोन घरून होता.

"जावईबापू! पेनल्टी!"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"आत्ता येणार नाही. मीच बंद केलंय."

"कारण?"

"सांगता येत नाही."

मग सासरे म्हणाले, "मग ठीक आहे. आता पुढचा फोन घ्या. उभे राहू नका."

पुढचे सगळे घेतले. प्रत्येकाला तेच सांगितलं. नगराध्यक्षांना सांगताना आवाज चिरकला, पण शब्द तोच होता.

चित्र परत आलं तेव्हा सामना संपला होता आणि खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. आमचे की त्यांचे, ते धूसर होतं म्हणून कळेना.

२३ फेब्रुवारी, सोमवार

जिंकलो. पेनल्टीवरच. सामना डिशवर दाखवतच नव्हते, त्यामुळे तो गोल गावात कुणीही पाहिला नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आई आणि मूल दोघं सुखरूप. "थोडक्यात," त्या म्हणाल्या. "कालचं चित्र मिळालं नसतं तर हा फोन मी वेगळा केला असता."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी म्हणालो, आता लोकांना सांगतो, म्हणजे त्यांचा राग जाईल.

त्या म्हणाल्या, "नाही. कुणाला काहीही सांगायचं नाही. गाव लहान आहे. काल कुणाचं बाळंतपण होतं हे लोक लगेच हुडकून काढतील आणि त्या बाळंतिणीला आयुष्यभर सांगत बसतील की तुझ्यापायी आमचा गोल गेला. घरच्यांना मी लाइनचं सांगितलंय. बाकी कुणाला नाही."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. दुकानाबाहेर गर्दी जमलेली काचेतून दिसत होती. माझ्याकडे एकच वाक्य होतं ज्याने सगळं गाव माझं झालं असतं, आणि तेच बोलायचं नव्हतं.

बाहेर गेलो. म्हणालो, "सामना मी बंद केला. यंत्र बिघडलं नव्हतं. कारण सांगणार नाही."

मला वाटलं होतं प्रामाणिकपणाचा थोडा तरी परिणाम होईल. झाला, उलटा. सलूनवाला म्हणाला, दाढीला येऊच नका. पोहण्याच्या क्लबने खजिनदारपद काढून घेतलं. नगराध्यक्षांचा माणूस म्हणाला, साहेब जेवलेसुद्धा नाहीत. व्हायोलिनच्या बाई बोलल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली ती सगळ्यात जास्त लागली. कुणीतरी पाटीवरच्या 'खात्री'वर चिखल फेकला, नेमका त्या वळणावर.

आणि मग डिशवाला रस्ता ओलांडून आला. मला वाटलं, झालं, आता हा दिवस त्याचा. दाढी वाढलेली, डोळे लाल, शर्टाची बटणं एक घर खाली लागलेली. तो गर्दीकडे वळून ओरडला, "घरी जा सगळे! एक गोल नाही दिसला तर काय आकाश कोसळलं? जिंकलात ना? मग? चला, निघा!" प्पलवाल्याला तर त्याने खांद्याला धरून वळवलं.

लोक पांगल्यावर तो आत येऊन बसला. मी चहा दिला. म्हणालो, "तब्येत बरी आहे ना?"

"झोप नाही," तो म्हणाला. "आजोबा झालो. मुलगी आली होती माहेरी बाळंतपणाला."

"अरे वा! कधी?"

"काल दुपारी."

मी अभिनंदन केलं. तो माझा हात हातात घेऊन बसला, सोडेचना. डोळ्यांत पाणी. जागरणाने होतं तसं. मग एकदम उठून गेला.

आता उलगडलं. काल तो दवाखान्यातच होता, म्हणजे बिचाऱ्याने सामना पाहिलाच नाही. मग त्याला राग कशाचा येणार? बायकोला हे सांगितलं, तर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो, तसंच असणार." इंजिनिअरबाईंनी मान खाली घातली. दोघी हल्ली फारच एकमेकींसारख्या वागतात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही म्हणणं एकदा जमलं की थांबवता येत नाही. सकाळी बायकोने विचारलं, चहा घेणार? नाही. इस्त्रीचे कपडे देऊ? नाही. दुकानात इंजिनिअरबाई म्हणाल्या, सर, सोमवारी सुट्टी हवी होती. मी म्हणालो, नाही. त्यांनी पर्स उचलली आणि बाहेर पडल्या. मला बसथांब्यापर्यंत धावत जावं लागलं. बसमध्ये चढून सांगितलं, "हो! हो! सोमवार घ्या, मंगळवारही घ्या!" सगळी बस बघत होती. कंडक्टरने मला तिकीट दिलं. तेही घेतलं.

पुढची रांग आता रिकामी आहे. म्हणजे एक दवाखाना. घरी बातम्या धूसर दिसतात. सासरे म्हणतात, बातम्या अशाच बऱ्या.

दुपारी नगराध्यक्ष स्वतः आले. महिन्याअखेर त्यांचं भाषण घरोघर दाखवायचंय. "झालं गेलं विसरू," ते म्हणाले. "तेवढं एक आम्हाला पुढे घ्या. लोकांना माझा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे."

मी म्हणालो, "नाही."

ते हसले. "बघा जमतंय का."

"नाही जमत."

"अहो, अडचण काय आहे ते तरी सांगा."

मी चालू लागलो. माझंच दुकान होतं, त्यामुळे जरा पंचाईत झाली. मागच्या खोलीत गेलो, तारांच्या रिळांमध्ये उभा राहिलो आणि ते जाईपर्यंत थांबलो. ते फार वेळ थांबले. पण गेले.

४ मार्च, बुधवार

काही घरं डिशवाल्याकडे गेली. त्यातल्या दोघांना त्याने म्हणे दुकानाच्या दारातूनच परत पाठवलं, "समोर जा, तिथली सेवा चांगली आहे," असं सांगून. हा माणूस मला कळतच नाही. धंदा असा करतात का?

सलूनवाल्याने बोलावलं. दाढी फार वाढलीय, बघवत नाही म्हणाला. कापड बांधलं, वस्तरा गळ्यावर आला, आणि त्याने विचारलं, "काय, पुन्हा पुढच्या रांगेचं काही?"

मी डोळे मिटले आणि नाही म्हणालो.

हनुवटीखाली एक बारीक रेघ आलीय. मुद्दाम नसावी.

६ मार्च, शुक्रवार

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. पुन्हा एक अवघड केस. गावात त्याच वेळी मालिकेचा मोठा भाग होता, लग्नाचा, सगळी घरं टीव्हीपुढे. इंजिनिअरबाई पडद्यापुढे बसल्या. मी त्यांच्यामागे उभा राहिलो आणि सगळ्या फोनकडे बघत राहिलो. आता वाजतील.

एकही वाजला नाही. पुढच्या रांगेत एकच नाव, स्थिर. मागच्या रांगेत सगळं गाव, एकच प्रत वाटून घेत, थोडं धूसर, पण चालू. प्पलवाल्याच्या दुकानातून मालिकेचा आवाज येत होता. समोर डिशवाला दारात खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर नातू. ऊन तोंडावर येऊ नये म्हणून त्याने आपली टोपी धरली होती.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, काम झालं. इंजिनिअरबाईंनी आळस दिला आणि चहा करायला गेल्या.

तरी मला राहवेना. इतकी शांतता बरी नव्हे, फोनची लाइनच तुटली असेल. मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आतला तो लांब सूर व्यवस्थित चालू होता. थोडा वेळ ऐकला आणि ठेवून दिला.